पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृतच्या विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदन व मुक्ती सदन या संस्थांच्या संस्थापक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. समाजसुधारक म्हणून त्यांचे कार्य महाराष्ट्रात सुपरिचित आहे. त्यांच्या धार्मिक जीवनाचा उल्लेख मात्र बहुधा १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी घेतलेल्या बाप्तिस्म्यापाशी थांबतो. त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार खरे परिवर्तन त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाले. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी त्यांची धारणा होती. १८९१ च्या सुमारास आलेल्या ईश्वरी सान्निध्याच्या अनुभवाने त्यांच्या कार्याचे स्वरूप, पैशाविषयीची दृष्टी आणि पुण्यातील सुधारक वर्तुळाशी असलेले नाते बदलून गेले.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीच्या माथ्यावरील गंगामूळ (आता कर्नाटकात) येथील अरण्यात वसवलेल्या आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व वैष्णव परंपरेचे विद्वान. पुण्यात अध्ययन करीत असताना आपले गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले आणि स्वतःच्या पत्नीलाही शिकवायचे ठरवले. पुढे दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना धर्मसभेपुढे उत्तर द्यावे लागले आणि त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली. लेकीला आईने शिकवले. पहाटे घरकाम सुरू होण्यापूर्वी हे पाठांतर चाले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते. त्यांचा बालविवाह करून देण्याचेही वडिलांनी टाळले होते.

आतिथ्य आणि दानधर्म यांत घरची मालमत्ता संपली व कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा काही महिन्यांच्या होत्या. देवळांत पुराणे सांगायची, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे आणि त्यातलीही बरीच पुन्हा दानात घालवायची, असा हा जीवनक्रम होता. दक्षिणेतील दुष्काळात त्याचा शेवट झाला. आधी वडील, मग थोड्याच आठवड्यांत आई आणि त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाई अशी माणसे एकामागून एक गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. चौथा खांदा रमाबाईंना द्यावा लागला आणि उंची कमी पडल्याने त्यांनी तो भार डोक्यावर पेलला. उपास, व्रते, प्रदक्षिणा, मूर्तींपुढचे सारे विधी यथासांग करूनही काही उपयोग झाला नाही, हे त्या तरुण मुलीच्या मनात रुतून राहिले. मागे उरलेला भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी पुढे हजारो मैल बहुतांशी पायी प्रवास केला. भूक आणि थंडी यांचा त्या काळातील अनुभव पुढच्या दुष्काळांत त्यांच्या निर्णयांमागे उभा राहिलेला दिसतो.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. कलकत्त्यातच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना पाहिली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेले पाहून हे खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले होते. त्यांना संस्कृत बायबलची एक प्रतही भेट मिळाली, पण ते त्यांना फारसे उमगले नाही. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सुचवले. धर्मशास्त्राच्या अध्ययनात स्त्रिया व शूद्र यांच्या मोक्षाविषयीची वचने त्यांना आढळली. त्यांतून त्यांच्या मनातील जुन्या श्रद्धेचा उरलेला आधारही सैल झाला.

१८८० साली श्रीनिवासाचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय, आंतरप्रांतीय विवाह केला. त्यांची कन्या मनोरमा १८८१ च्या एप्रिलमध्ये जन्मली. आसामातील सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या त्याविषयी ऐकूही लागल्या. पतीला हे रुचले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचा मृत्यू झाला. विवाहाला दीड वर्षही झाले नव्हते.

पुणे आणि इंग्लंड

विधवा रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन १८८२ साली पुण्यास आल्या. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना, स्त्रीधर्मनीति या पुस्तकाचे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष ही कामे त्याच वर्षातील. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी त्यांनी आयोगापुढे केली. पुण्यात त्या इंग्रजी शिकू लागल्या. पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री असलेले ख्रिस्ती विद्वान नेहेम्या गोरे यांच्याशीही त्यांचा परिचय झाला.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांची सोय झाली. धर्मांतर करण्याचा विचार निघताना नव्हता व तसे त्यांनी जाहीरही केले होते. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. वॉन्टेजच्या जोगिणी लंडनमधील फुलहॅम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. रमाबाई तेथे काही काळ राहिल्या. अशा स्त्रियांना शिक्षा न करता मायेने वागवले जाते हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. आपल्या शास्त्रांत पतितेसाठी प्रायश्चित्तापलीकडे काही नाही, असे त्यांचे मत होते. त्यामुळे या करुणेचे मूळ कोठे आहे, हा प्रश्न त्यांना पडला. योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची कथा तेव्हा त्यांच्यासमोर आली. गोऱ्यांच्या पत्रव्यवहाराने बौद्धिक शंकाही बऱ्याच फिटल्या. त्याच सुमारास सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या भीषण घटनेनंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात या बातमीने खळबळ उडाली. बहुतेक वर्तमानपत्रे टीका करीत असताना जोतीराव फुले यांनी सत्सार मधून रमाबाईंची बाजू घेतली.

बाप्तिस्म्याने रमाबाई चर्चच्या आज्ञेत आल्या, असे मानण्यास मात्र आधार नाही. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार हा मतभेदांचा दस्तऐवजच आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व आणि धर्माधिकाऱ्यांची सत्ता यांवर त्या सतत प्रश्न विचारीत. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांनी सुचवले तेव्हा त्यांनी ते मानले नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा एक आक्षेप होता. मांसाहार त्यांनी कधी स्वीकारला नाही. या वर्षांत त्यांची निष्ठा ख्रिस्ताच्या नीतीवर होती, तर बुद्धी सिद्धान्तांशी झगडत होती. पुढे ज्याला त्यांनी ख्रिस्त न मिळालेला ख्रिस्ती धर्म म्हटले, तो हाच काळ होय.

अमेरिका आणि शारदा सदन

नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत सुमारे अडीच वर्षे राहिल्या. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची, विशेषतः बालविधवेची स्थिती तेथील वाचकांसमोर आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे तिने मान्य केले. शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होणार नाही, ही अट रमाबाईंनी स्वतःच स्वीकारली होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन ती आनंदीबाई कर्वे झाली. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सुधारक सल्लागार मंडळात होते. विधवांना आपल्या जातीचे आचार पाळता येतील अशी सोय होती. शाळेतील शिक्षण, बालोद्यान पद्धती आणि ग्रंथालय या सर्वांवर अमेरिकेतील निरीक्षणाची छाप होती. बाहेरून पाहता ही रमाबाईंच्या यशाची वर्षे होती.

१८९१ चा अनुभव

या यशाच्या काळातच रमाबाईंना आतून रितेपण जाणवू लागले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या अवस्थेचे विश्लेषण केले आहे. नियमित प्रार्थना, बायबलवाचन, प्रभुभोजन आणि लोकसेवा हे सारे चालू होते. परंतु आपण तारण विधींवर व स्वतःच्या सद्वर्तनावर अवलंबून ठेवले आहे, असे त्यांच्या लक्षात आले. लहानपणी तीर्थस्नाने आणि व्रते यांच्या जोरावर जे मिळवायचे होते, तेच आता बाप्तिस्मा व उपासनेच्या जोरावर मिळवायचे, एवढाच फरक पडला होता. देवाविषयीचे ज्ञान वाढले होते, देव मात्र दूरच होता.

याच सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे फ्रॉम डेथ इनटू लाइफ हे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील एका चर्चचे दीक्षित पाळक होते. १८५१ साली, स्वतःच प्रवचन करीत असताना, आपला उपदेश आपल्यालाच लागू आहे याचा साक्षात्कार त्यांना व्यासपीठावर झाला. पाळकाचेच परिवर्तन व्हावे, ही घटना रमाबाईंच्या स्थितीशी नेमकी जुळणारी होती. बाप्तिस्मा झालेला, चर्चमध्ये मानाचे स्थान असलेला, धर्मशास्त्र जाणणारा मनुष्यही ख्रिस्ताच्या भेटीवाचून राहू शकतो, हे त्यांना त्यातून स्पष्ट झाले. ऐकू कमी येणाऱ्या या विदुषीला हा स्पर्श सभेतील भाषणातून न होता एका पुस्तकातून झाला, हेही त्यांच्या स्वभावाला साजेसेच होते.

त्यांनी वर्णन केलेल्या अनुभवात दृष्टान्त नाही, आकाशवाणी नाही. दीर्घ काळ चाललेला शोध, स्वतःच्या पापाची तीव्र जाणीव आणि मग आपल्याकडे देण्यासारखे काहीही नसताना क्षमा मिळाली आहे याची खात्री, असा त्याचा क्रम आहे. या खात्रीबरोबर आलेला आनंद आणि देव आपल्याजवळ आहे हे भान पुढे आयुष्यभर टिकले, असे त्या नमूद करतात. विशेष म्हणजे सिद्धान्तांवरील जुने वाद त्यांनी युक्तिवादाने जिंकले किंवा हरले असे झाले नाही. त्यांचे महत्त्वच उरले नाही. वॉन्टेजच्या जोगिणींना जी शरणागती हवी होती ती शेवटी आली, पण ती कोणत्याही चर्चच्या पायाशी नव्हती. यानंतर रमाबाई कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत.

या अनुभवाची तुलना भक्तिपरंपरेतील संतांच्या अनुभवांशी करण्याचा मोह मराठी वाचकाला होतो. पांडित्य असूनही रितेपण आणि शेवटी निरुपाय होऊन शरण जाणे, ही वाट या मातीला ओळखीची आहे. रमाबाईंनी स्वतः मात्र असा दुवा जोडला नाही. मोक्षाच्या दारी स्त्री आणि शूद्र यांना अडवले जाते ही त्यांची जखम जुनी होती. कोणतीही पात्रता न विचारणारी क्षमा त्यांच्या लेखी म्हणूनच नवी होती.

उघडे दार आणि पुण्यातील वादळ

अनुभवाचा पहिला परिणाम घडला तो शारदा सदनातच. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत. दार लावून घेण्याचे त्यांना कारण वाटले नाही. मुलींवर प्रार्थनेची सक्ती नव्हती, पण ज्या आपणहून येत त्यांना त्या परतवीत नसत. हळूहळू येणाऱ्यांची संख्या वाढली आणि काही विधवांचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला.

केसरीने यावर टीकेची झोड उठवली. विद्येच्या नावाखाली धर्मांतर चालले आहे, असा लोकमान्य टिळकांचा आरोप होता. पालकांनी मुली काढून नेण्यास सुरुवात केली. सुधारक सल्लागारांची अडचण आणखी वेगळी होती. त्यांनी या संस्थेच्या तटस्थतेची ग्वाही समाजाला दिली होती. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी संस्थेशी संबंध तोडले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. सल्लागारांच्या दृष्टीने सदनाच्या प्रमुखाचे उघडे दार ही खासगी बाब असू शकत नव्हती. एका निराधार बालविधवेसाठी तिच्या आश्रयदात्रीचा धर्म हे केवढे मोठे आकर्षण असते, हा त्यांचा मुद्दा आजही रास्त वाटतो. रमाबाईंचे उत्तर असे की, मुलींना त्यांचा धर्म पाळण्याचे जे स्वातंत्र्य आहे, तेच स्वतःचा धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य आपल्यालाही आहे, आणि आपल्या जीवनातील सर्वांत मोठी गोष्ट दाराआड लपवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. १८८९ मधील रमाबाईंना ही अट पाळणे अवघड नव्हते. १८९१ नंतर ती त्यांच्यासाठी अशक्य होऊन बसली. उच्चवर्णीय हिंदू समाजात सुधारणा घडवून आणणारी सर्वमान्य नेता होण्याची त्यांची शक्यता येथे संपली. या अनुभवासाठी त्यांनी मोजलेली किंमत ती हीच.

विश्वासावर चालणारे काम

दुसरा बदल पैशाच्या बाबतीत झाला. जॉर्ज म्यूलर यांनी ब्रिस्टल येथे कोणाकडेही न मागता, केवळ प्रार्थनेच्या आधारावर चालवलेली अनाथालये, हडसन टेलर यांचे चीनमधील मिशन आणि जॉन पेटन यांचे चरित्र यांविषयीची पुस्तके रमाबाईंनी वाचली. भारतातही असा विश्वास ठेवून काम करता येईल काय, असा प्रश्न त्यांना पडला. बॉस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपणार होती. उत्पन्नाची सोय म्हणून त्यांनी पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगाव येथे रेल्वेमार्गालगत फळबागेसाठी जमीन घेतली होती. विहिरी खोदल्या गेल्या, झाडे लागली. एका व्यवहारी संस्थाचालिकेची ही तजवीज होती.

फळे येण्याआधी दुष्काळ आला. १८९६-९७ च्या हंगामात मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा रमाबाईंपाशी फारसा निधी नव्हता. सदनातील मुलींचाच खर्च जेमतेम भागत होता. विचार केला तर नाही म्हणणेच शहाणपणाचे होते. पण दुष्काळात स्वतः काढलेले दिवस आठवले. आपल्याला वाचवणाऱ्या देवाला या मुलींना वाचवणे अवघड नाही, असेही त्यांना वाटले. त्या मध्य प्रांतात गेल्या, मदतकेंद्रे व रस्ते हिंडल्या आणि मुली व तरुण विधवांना गटागटाने घेऊन आल्या. दलालांच्या हाती पडण्याचा धोका असलेल्या मुली त्यांनी आधी निवडल्या. या दुष्काळातून सुमारे तीनशे जणी आल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि शहरात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावच्या बागेत तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन असे नाव मिळालेली संस्था या प्रकारे, जवळजवळ नाइलाजाने, सुरू झाली. याच काळात प्लेगच्या छावणीत आपल्या एका मुलीच्या झालेल्या आबाळीबद्दल रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. धार्मिक अनुभवाने त्या सरकारपुढे मवाळ झाल्या नव्हत्या, हे यावरून दिसते.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील स्त्रिया व मुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. मनोरमा, सुंदराबाई पवार आणि १८९८ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स या रमाबाईंच्या प्रमुख सहकारी होत्या. विणकाम, शिवण, दूधदुभते, तेलघाणा, धुलाई, शेती, सुतारकाम, छापखाना अशी कामे स्त्रियाच करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभारले गेले. त्याची बीजे फुलहॅममध्ये पाहता येतात. वृद्ध व अपंगांसाठी प्रीती सदन, तर अंधांसाठी बारतीमी सदन होते. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई.

बॉस्टनच्या जागी स्थापन झालेल्या नव्या अमेरिकन मंडळाकडून मदत येत राहिली. तरी दोन हजार माणसांच्या रोजच्या जेवणाची हमी कोणी घेतली नव्हती. शारदा सदनासाठी सभा, समित्या आणि वर्गणीदार यांचे जाळे विणणाऱ्या रमाबाई आता गरज निर्माण झाली की मुलींना प्रार्थनेस बसवीत. शिस्त, हिशेब आणि कष्ट यांत मात्र त्यांनी तसूभरही ढिलाई येऊ दिली नाही. ईश्वरावर विसंबणे म्हणजे नियोजन सोडणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही.

१९०५ चे पुनरुज्जीवन

आतापर्यंतचा अनुभव एकट्या रमाबाईंचा होता. मुक्तीतील बहुतेक स्त्रियांचा बाप्तिस्मा झाला असला, तरी त्यांची स्थिती आपल्या १८९१ पूर्वीच्या स्थितीसारखीच आहे, असे रमाबाईंना वाटे. अन्न आणि आश्रय मिळाला म्हणून धर्म स्वीकारला गेला, ही टीका त्यांना ठाऊक होती आणि तिच्यातील तथ्यांश त्या नाकारीत नव्हत्या. १९०३ साली त्यांनी मनोरमा आणि मिनी अब्राम्स यांना ऑस्ट्रेलियास पाठवले. तेथील प्रार्थनामंडळांची पद्धत त्यांनी पाहून घेतली. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये आणि त्यापाठोपाठ खासी टेकड्यांत धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुक्तीत रोजच्या विशेष प्रार्थनेचे आवाहन केले. सुरुवातीस सुमारे सत्तर जणी येत. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला.

२९ जूनच्या पहाटे वसतिगृहातील एक तरुणी पवित्र आत्म्याच्या स्पर्शाने जणू आगीने वेढली गेली, असे समकालीन वृत्तान्तात आहे. शेजारची बाई खरोखरच पाण्याची बादली आणायला धावली होती. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीप्रमाणे योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय शांतपणे समजावून सांगत होत्या. अचानक सर्व मुली एकदम रडू व मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. अनेकींनी पापांची कबुली दिली, जुनी भांडणे मिटवली. वर्ग काही काळ बंद ठेवावे लागले. पुढे मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊन उपदेश करू लागल्या. काहींना अन्य भाषांत बोलण्याचा अनुभव आल्याच्याही नोंदी आहेत.

अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रे आणि काही मिशनरी यांनी याला उन्माद ठरवले. रमाबाईंचा स्वतःचा अनुभव शांत प्रकृतीचा होता, त्यांना अन्य भाषांचे दान मिळाले नव्हते आणि गोंगाटाची त्यांना आवडही नव्हती. तरीही त्यांनी मुलींना आवरले नाही. आपण अतिरेकांपासून सावध आहोत, हे सांगतानाच त्यांनी असा प्रश्न उपस्थित केला की, पाश्चात्य पद्धतीने निःशब्द बसणे हीच काय ती भक्ती आणि भारतीय स्त्रीने मोठ्याने रडणे ही विकृती, हे कोणी ठरवले? अनुभवाची सत्यता त्यांनी त्याच्या फळावरून जोखली. मुलींच्या वागण्यात प्रामाणिकपणा व सेवाभाव आला आहे की नाही, एवढाच त्यांचा निकष होता.

या घटनेचा प्रभाव केडगावपुरता राहिला नाही. मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर लिहिलेली इंग्रजी पुस्तिका चिलीतील वाल्पराइसो येथे त्यांच्या जुन्या वर्गभगिनीच्या हाती पडली. १९०९ मध्ये चिलीत सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या पुस्तिकेचा उल्लेख येतो. या चळवळीचा उगम केवळ अमेरिकेतून सांगण्याची रीत होती. अलीकडील अभ्यासक तिच्या आरंभबिंदूंमध्ये मुक्तीचीही गणना करतात.

बायबलचे भाषांतर

उत्तरायुष्यातील सुमारे पंधरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मराठी बायबल उपलब्ध होतेच. त्याची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ती कळत नाही, असे त्यांचे मत होते. तसेच त्यातील काही संज्ञा हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ सोबत घेऊन येतात, हा त्यांचा दुसरा आक्षेप होता. मूळ भाषांतूनच भाषांतर करायचे म्हणून त्यांनी प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही सर्व कामे मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी केली. त्यांतील अनेक जणी दुष्काळातून निरक्षर आल्या होत्या.

अठरा हजार संस्कृत श्लोक पाठ असलेल्या पंडितेने संस्कृत शब्द वगळून लिहावे, यात एक मोठा त्याग होता. साध्या शब्दांच्या अट्टहासाने या भाषांतराची मराठी काही ठिकाणी ओबडधोबड झाली आहे आणि चर्चमध्ये ते सार्वत्रिक वापरात आले नाही. पण एका स्त्रीने मूळ भाषांतून एकटीने केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. प्रकृती ढासळत होती आणि बहिरेपण वाढले होते. मुक्तीची सूत्रे मनोरमेकडे सोपवायची, असे ठरले होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमेचे निधन झाले. आई-वडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर जवळचे असे हे शेवटचे माणूस होते. या आघातानंतरही रमाबाई रोज भाषांतराच्या मुद्रितांवर काम करीत राहिल्या. अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. केडगावची संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही चालू आहे. भारतीय टपाल खात्याने १९८९ साली रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले.